मस्तक, मुखवटा आणि अर्धपुतळा

संगमरवरी अर्धपुतळा हे पाश्चात्त्य वास्तववादाचे दान आहे, असे एक मत आपल्याकडे आहे. तो वासाहतिक अनुकरणाचा अवशेष आहे, असे दुसरे. अनुकरण म्हणजे रूपाची नक्कल, हे गृहीत मात्र दोन्ही मतांत समान आहे. ते तपासून पाहणे आवश्यक आहे; कारण रूप उचलले तरी त्यामागचे प्रयोजन त्यासोबत येतेच असे नाही.

रोमन उमराव घराण्यांत पूर्वजांचे मुखवटे जपून ठेवीत आणि अंत्ययात्रेत ते धारण करीत, असे पॉलिबिअस नोंदवतो. प्रजासत्ताककालीन व्यक्तिशिल्पांतील सुरकुत्या आणि ओघळलेले गाल यांचा संबंध अनेक अभ्यासक या कुलस्मृतीशी जोडतात. चेहरा हे तेथे वंशाच्या अधिकाराचे प्रमाण होते. अठराव्या शतकात व्हिंकलमनच्या (1717–1768) प्रभावाखाली हे प्रयोजन मागे पडले आणि उदात्त शांततेचा आदर्श पुढे आला. प्राचीन शिल्पे मुळात रंगवलेली असत. काळाच्या ओघात रंग झडून उरलेली शुभ्रता नवअभिजात शिल्पकारांनी आदर्श मानली आणि डोळे पुष्कळदा बुबुळांवाचून कोरे ठेवले. कानोव्हाने तर जॉर्ज वॉशिंग्टनलाही (1821) रोमन सेनानीचा वेश चढवला.

हेच रूप मुंबईत आल्यावर काय झाले? 1833 साली पूर्ण झालेल्या, डोरिक स्तंभांच्या टाउन हॉलमध्ये चँट्रीने घडवलेला एल्फिन्स्टन आहे, तसेच जगन्नाथ शंकरशेटही (1803–1865) आहेत. हे पुतळे पूर्णाकृती असले तरी मस्तकाचा प्रश्न तोच राहतो. रोमन व्यक्तिशिल्पाचा काळ आणि बहुधा त्यातील व्यक्तीही अभ्यासक केसांच्या बटांवरून ठरवतात. नानांच्या मस्तकावर पगडी आहे. पगडी केस झाकते आणि व्यक्तीच्या आधी तिची जात, पेशा आणि प्रतिष्ठा सांगते. एवढ्या एका वस्तूने उसन्या रूपाचा केंद्रबिंदू हलतो.

धडावाचून चेहरा आपल्याला परका होता, असेही नाही. बोर्ली पंचतनलगतच्या दिवेआगरला 1997 मध्ये सुपारीच्या बागेत सापडलेला आणि 2012 मध्ये चोरीस गेलेला सुवर्णगणेश मुखवटाच होता. देव्हाऱ्यातील टाकांतही दैवत आणि पूर्वज शेजारी नांदतात. मात्र आपल्या परंपरेत नेत्रोन्मीलनावाचून प्रतिमा सजीव होत नाही आणि खंडित मूर्ती पूजेतून बाद ठरते. कोऱ्या डोळ्यांचा, छातीशी छेदलेला अर्धपुतळा या दोहोंच्या मधोमध उभा होता. मराठी समाजाने त्याला मुखवट्याच्या बाजूला ओढले. जयंतीला हार घातला, गुलाल उधळला आणि चौकाचे देव्हारे केले.

देशीवादाच्या चर्चेत अशा रूपांतराचे स्वागत होते आणि ते बव्हंशी योग्यही आहे. परंतु त्याची एक किंमत आहे. हाराखाली चेहरा वाचला जात नाही. रोमन सुरकुतीशी वाद घालता येतो. पूजेतील मुखवट्याशी घालता येत नाही. मराठी चरित्रवाङ्मयाचा प्रवास याहून फारसा वेगळा नाही. रूप इंग्रजीतून आले, प्रयोजन मात्र पोथीचे राहिले. परिणामी चरित्रनायक पूज्य झाला आणि अपरिचित राहिला.

याच रायगड किनाऱ्यावर, सासवण्यास, विनायक पांडुरंग करमरकर (1891–1967) यांच्या घरी त्यांची शिल्पे जतन केली आहेत. पुण्याचा अश्वारूढ शिवाजी (1928) घडवणाऱ्या या शिल्पकाराने तेथे सिमेंटमध्ये आसपासची साधी माणसे आणि जनावरे घडवली. या चेहऱ्यांना कोणी हार घालत नाही; म्हणूनच प्रेक्षक त्यांच्यासमोर थांबतो आणि ते वाचतो. संगमरवर नाही, टोगा नाही, पूजाही नाही. व्यक्तिशिल्पाचे मराठी प्रयोजन शोधायचे असेल, तर चौकातील अर्धपुतळ्यांइतकेच या सिमेंटच्या चेहऱ्यांकडेही समीक्षेने पाहिले पाहिजे.