डाग पुसावेत, पुरावा नव्हे

जुन्या छायाचित्रांचा जीर्णोद्धार ही आता घरोघरची हौस झाली आहे. संगणकावर डाग पुसले जातात, चिरा बुजतात, कृष्णधवल चित्र रंगीतही होते. या हौसेचे स्वागत करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे.

अनगोळातील एका घरी वेंगुर्ले बंदरातील आगबोटीचे छायाचित्र आहे. वेंगुर्ले, सावंतवाडी, आंबोली घाट, बेळगाव हा आपल्यापैकी कित्येक घराण्यांचा येण्याचा मार्ग. म्हणून या चित्राचे मोल त्या घरापुरते नाही. दमट हवेने त्यावर बुरशी धरली आणि नाळेवरील बोटीचे नाव नाहीसे झाले. दुरुस्त होऊन आलेल्या प्रतीत मात्र तेथे 'रामदास' हे नाव ठळकपणे झळकते आहे!

'रामदास' १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. हे नाव सर्वतोमुखी असल्याने कारागिराला ते सुचले असावे. परंतु मूळ चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने १९३१ साल लिहिलेले आहे आणि 'रामदास' बांधली गेली १९३६ मध्ये. ही 'तुकाराम'ही असू शकत नाही. ती १९२७ सालीच बुडाली होती. नव्या प्रतीला ती पाठच नाही. मूळ चित्र फेकले गेले असते, तर हे खोटे नाव पुढच्या पिढीने खरे मानले असते.

सरकारी दफ्तरात नोंद चुकली तर ती खोडून टाकत नाहीत. जुना शब्द वाचता येईल अशी एकच रेघ मारून दुरुस्ती करतात व शेजारी आद्याक्षरी करतात. छायाचित्रालाही हाच न्याय हवा. आधी दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात आणि काम प्रतीवरच करावे. आकाशातील ओरखडा भोवतालच्या छटेवरून भरता येतो; नाव, निशाण, चेहरा कल्पनेने भरू नये. ती जागा रिकामी ठेवावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. मूळ चित्र लॅमिनेट न करता आम्लरहित कागदात, ओलसर भिंतीपासून दूर जपावे.

सीमाभागातील आपण माणसे कागदाच्या आधारावरच आपले म्हणणे मांडत आलो आहोत. एक बनावट अक्षर सापडले, की उरलेल्या दहा खऱ्या कागदांवरही संशय येतो. बुरशीने खाल्लेली रिकामी जागा कुरूप दिसेल. पण ती खोटे बोलत नाही.