नवा बूट, जुना बूट

भातलावणी उरकली की वेल्ह्यात आठवडा आठवडा ऊन पडत नाही. समोरचा तोरणा सकाळी असतो, दहाला नसतो. यंदा अशाच एका दुपारी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कॉनन डॉयलची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ सापडली. १९०२ सालची कादंबरी. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्या मी ती भोरला शिकत असताना एका रात्रीत संपवली होती. इतक्या वर्षांनी माळरान आठवत होतं, दलदल आठवत होती, कुत्रा तर होताच. गुन्हेगार कोण, ते मात्र साफ विसरलो होतो.

तरी पाचव्या प्रकरणापर्यंत माझी खात्री पटली, की हे बॅरीमोरचंच काम. लंडनमध्ये पाळत ठेवणाऱ्याला काळी दाढी, वाड्यावरच्या या कारभाऱ्यालाही काळी दाढी. शिवाय तो मध्यरात्री मेणबत्ती घेऊन खिडकीशी उभा राहतो, हेही आठवलं. डॉयलनं पेरलेला संशय तेवढा डोक्यात शिल्लक होता आणि मी त्यालाच उत्तर समजत होतो. पहिल्या वाचनात लेखक चकवतो. विसरून वाचताना आपली आठवणच त्याला फितूर होते. हा चकवा मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

आणि ते बूट! वाड्याचा वारस सर हेन्री नवेकोरे, पायातही न घातलेले तपकिरी बूट हॉटेलच्या खोलीबाहेर ठेवतो. सकाळी एकच उरतो. पुढे तो हरवलेला सापडतो आणि जुना, वापरलेला काळा बूट नाहीसा होतो. सर हेन्री नोकरांवर इतका भडकतो, की प्रसंग विनोदी वाटतो. शाळकरी वयात मी हसून पान उलटलं होतं. या वेळी तिथेच अडलो. नवा परत करून जुना नेणारा हा कसला चोर? पुस्तक पालथं घालून ओसरीवर आलो, तर कुत्रा माझी चिखलानं भरलेली चप्पल हुंगत बसला होता. मी तसाच आत पळालो.

चौदाव्या प्रकरणात होम्सचा सगळा बेत सरकत येणाऱ्या धुक्यावर टांगलेला असतो. फळबागेची पलीकडची भिंत आधी दिसेनाशी होते. मी तिथवर आलो तेव्हा खिडकीतून तोरणा गेला होता, खाचरं गेली होती, कुंपणाचा निवडुंग तेवढा दिसत होता. दिवा लावायला उठावं, एवढाही धीर नव्हता.