कॅनव्हासवरच उघडणारा धडा

इंकस्केप हे चित्रं आखण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. 2003 साली सोडिपोडी या प्रकल्पातून फुटून ते निघालं, 2020 साली त्याची 1.0 आवृत्ती आली. त्याच्या हेल्प मेन्यूत ट्युटोरियल्सची एक यादी आहे. तिच्यातलं ‘बेसिक’ निवडलं की ना ब्राउझर उघडतो, ना पीडीएफ. इंकस्केपचीच खिडकी उघडते आणि तिच्यात धडा असतो. तोही एसव्हीजी फाइल म्हणून, म्हणजे आपण काढलेलं चित्र ज्या प्रकारच्या फाइलीत साठतं, अगदी त्याच. वाचता वाचता त्यातल्या आकृत्या उचलाव्यात, रंगवाव्यात, खोडाव्यात.

या एका निर्णयात धड्याचं सगळं सौंदर्य आहे. पान लांबलचक, खिडकीत न मावणारं. म्हणून पहिला पाठ पान सरकवण्याचा, कंट्रोल दाबून बाणाच्या कळांनी. तो जमल्याशिवाय खालचा मजकूर दिसतच नाही! पुढे झूम, आकार, एकावर एक ठेवलेल्या वस्तूंचा क्रम. हे सगळं सांगितलं जातं तिथेच करून पाहायचं.

मला सर्वांत आवडते ती ऑल्ट-क्लिकची जागा. वरच्या वस्तूखाली दडलेली वस्तू निवडायला ऑल्ट दाबून क्लिक करा, असं सांगून धडा बजावतो की लिनक्सवर कदाचित हे चालणार नाही, उलट अख्खी खिडकीच हलेल, कारण ऑल्ट-क्लिक विंडो मॅनेजरने, म्हणजे खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, स्वतःसाठी राखून ठेवलेलं असतं. नवखा माणूस नेमका इथे गोंधळतो आणि स्वतःलाच दोष देतो. लिहिणाऱ्याला ते आधीच दिसलेलं आहे. मॅन्युअल लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही जागा वाचावी.

सुलेखनाचा धडा याहून देखणा. टाकाच्या अवजाला रुंदी, कोन, फिक्सेशन अशा किमती देता येतात. फिक्सेशन शंभर ठेवलं तर निबचा कोन ठाम राहतो, शून्यावर आणलं तर निब प्रत्येक रेघेला काटकोनात वळत जातं. हे शब्दांत कितीही सांगा, कळत नाही. धड्यात एकाशेजारी एक फटकारे ठेवलेत, पाहताक्षणी कळतं. खाली अन्शियल, कॅरोलिंजियन, गॉथिक अक्षरांचे नमुने आहेत. देवनागरी त्यात नाही. पण आपला बोरू रोमन टाकाच्या उलट तिरका कापतात, हे ठाऊक असलेल्याने कोन उलट बाजूला नेऊन ‘अ’ काढून पाहावा. जाड-बारीक आपल्या जागी येतं.

उणीव आहेच. एखादी बारीकशी गोष्ट शोधायची असेल तर या धड्यांना सूची नाही, पान सरकवत बसावं लागतं. सविस्तर मॅन्युअल मेन्यूतून उघडतं ते ब्राउझरमध्ये, आणि नेट नसेल तर तिथेच अडतं. धड्यांचं मात्र अडत नाही, कारण ते सॉफ्टवेअरबरोबर डिस्कवर उतरलेले असतात.

निदान उतरायला हवेत. मदतीच्या फाइली वेगळ्या काढण्याची चाल सर्रास आहे. विंडोजवर लिबरऑफिसची ऑफलाइन मदत वेगळी उतरवून घ्यावी लागते, गिंपचं मॅन्युअल डेबियन या लिनक्समध्ये भाषेगणिक वेगळं पॅकेज आहे. जागा वाचते, भाषा निवडता येते, हे मान्य. पण इंकस्केपचे हे धडे म्हणजे अवजाचाच भाग आहेत. ते मागे राहिले तर नवख्याच्या हाती अर्धंच सॉफ्टवेअर पडतं. डेबियनमध्ये त्यांचं पॅकेज ‘इंकस्केप-ट्युटोरियल्स’ या नावाने वेगळं आहे. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या संगणकावर इंकस्केप टाकत असाल, तर तेवढं पॅकेज आठवणीने टाका, आणि नेट बंद करून ‘बेसिक’ उघडतंय ना, ते एकदा पाहा.