अंगात येणं आणि सोंग घेणं: रूप बदलणाऱ्या सोबत्याचं युद्धकौशल्य

आज आपण व्हिडिओ गेमवर बोलणार आहोत. त्यातही एकाच बारीक प्रश्नावर. आरपीजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गेममध्ये आपल्या टोळीत पुष्कळदा एखादा रूप बदलणारा सोबती असतो. कधी माणूस, कधी श्वापद. अशा सोबत्याच्या लढण्यावर प्रभुत्व मिळवायचं म्हणजे नेमकं काय मिळवायचं?

खेळणारी मंडळी याचं उत्तर सहसा आकड्यांत देतात. अस्वल झाल्यावर घाव किती बसतो, कोळी झाल्यावर किती. हा हिशेब चुकीचा नाही, पण तो रूप बदलून झाल्यानंतरचा आहे. आमचं म्हणणं असं की इथलं कौशल्य रूप बदलण्याच्या आधी पणाला लागतं, आणि एखादा गेम या गोष्टीचा विचार करतो की नाही, यावर त्याची प्रत ठरते.

मराठीत यासाठी दोन चांगले शब्दप्रयोग आहेत. एक ‘सोंग घेणं’ आणि दुसरा ‘अंगात येणं’. सोंग घेणारा आतून शाबूत असतो. कुठे थांबायचं ते त्याच्या हातात असतं. अंगात आलं की मात्र ते ओसरेपर्यंत बाकीच्यांनी बघत राहायचं. गेममधले रूप बदलणारे सोबती साधारण या दोन जातींत विभागता येतात.

अंगात येण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘फायनल फँटसी सेव्हन’मधला व्हिन्सेंट व्हॅलेंटाइन. स्क्वेअर कंपनीचा हा गेम १९९७ साली प्लेस्टेशनवर आला. त्यात मार खाल्ला की ‘लिमिट’ नावाची पट्टी भरत जाते. भरली की नेहमीच्या हल्ल्याच्या कमांडच्या जागी लिमिट येते. इतरांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो एक जबरदस्त वार असतो. व्हिन्सेंट मात्र रूपच बदलतो. पहिलं रूप गॅलियन बीस्ट, मग डेथ गिगास, हेलमास्कर आणि शेवटी केऑस. एकदा बदलला की लढाई संपेपर्यंत किंवा तो कोसळेपर्यंत आपली एकही कमांड त्याला लागू होत नाही. जादू नाही, औषध नाही. गॅलियन बीस्ट कधी झडप घालतो, कधी सगळ्या शत्रूंवर आग ओकतो. काय करायचं ते त्याचं तो ठरवतो. समोर आग पचवणारा शत्रू असेल तर त्या आगीने शत्रूचीच जखम भरून निघते, आणि आपण हात चोळत बसतो.

मग यात प्रभुत्व कसलं? तर आधीच्या तयारीचं. पट्टी भरली म्हणून लिमिट लगेच वापरलीच पाहिजे असं नाही. त्या पाळीत जादू किंवा औषध वापरून ती राखून ठेवता येते, पुढच्या लढाईतही नेता येते. कोणत्या पातळीचं रूप बाहेर येणार हे मेनूत आपणच लावून ठेवतो. पण पातळी बदलली की भरलेली पट्टी रिकामी होते, म्हणजे हा निर्णय ऐन वेळचा नव्हे. गेममध्ये एक औषध देऊन पात्राला ‘उदास’ करता येतं. मग पट्टी सावकाश भरते आणि मारही कमी लागतो. दुसऱ्या औषधाने तो ‘खवळतो’. पट्टी भराभर भरते, पण नेम चुकू लागतो. जाणता खेळाडू जखमा भरणारा मटेरिया व्हिन्सेंटकडे ठेवत नाही, कारण तो बदलला की उपचारही गेले. तिघांच्या टोळीत ही चूक महागात पडते.

आता गोष्टीकडे वळू. व्हिन्सेंट पूर्वी शिनरा कंपनीच्या टर्क्स या पथकात होता. लुक्रेशिया नावाच्या शास्त्रज्ञ स्त्रीवर त्याचं प्रेम. तिच्या पोटातल्या मुलावर प्रयोग होणार हे ठाऊक असूनही तो त्याला थांबवता आला नाही. पुढे होजोने त्याला गोळी घातली आणि त्याच्याच शरीरावर प्रयोग केले. हे रूप बदलणं त्या प्रयोगांची देणगी. तो निबेलहाइमच्या वाड्याच्या तळघरात शवपेटीत स्वतःहून पडून राहतो, आणि त्याला आपण केलं त्यापेक्षा जे केलं नाही तेच जास्त खातं. आता लढाईचे नियम पुन्हा आठवा. बटण दाबल्यावर खेळणाऱ्याच्या वाट्याला काय येतं? बघत राहणं. व्हिन्सेंटचं जे दुखणं, तेच प्रत्येक लढाईत आपल्याला हाताने अनुभवायला लागतं. निर्मात्यांनी हे ठरवून केलं का, याला आम्ही फार महत्त्व देत नाही. कृतीत ते आहे, आणि समीक्षेला तेवढं पुरतं.

इथे ॲरिस्टॉटलची आठवण होणं साहजिक आहे. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात मद्यपीचा दाखला येतो. दारूच्या नशेत गुन्हा केला तर शिक्षा दुप्पट, असा नियम तो सांगतो. कारण गुन्हा करताना भान नसलं, तरी पिऊ नये हे हातात होतं. ‘रागाच्या भरात झालं हो, माझं भानच राहिलं नाही,’ हे वाक्य आपण घराघरांत ऐकतो. त्यावर योग्य प्रश्न असा, की भान जाण्याआधी तू काय केलंस? व्हिन्सेंटची लढाई खेळणाऱ्याला हाच प्रश्न विचारते.

आता सोंग घेणारी. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ हा बायोवेअरचा २००९चा गेम. त्यातली मॉरिगन ही जंगलात वाढलेली जादूगारीण. कोळी, अस्वल, उडत्या किड्यांचा थवा अशी रूपं ती घेते, आणि ताबा आपल्याच हातात राहतो. पण रूप घेतलं की तिचे मंत्र बंद. ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही’ म्हणतात ना, तसं हे आहे. तिची पुंजी म्हणजे मंत्र, आणि ती अस्वलाच्या सोंगात चालत नाही. शत्रूंची रांग गोठवून टाकू शकणारी बाई पंजे मारत बसते. म्हणून अनेक जण ही विद्या बाजूला ठेवून तिला थंडीचे मंत्र शिकवतात. व्यवहार म्हणून हे बरोबर आहे.

तरी एक जागा अशी आहे जिथे विचार दिसतो. थव्याच्या रूपात लागलेला मार जिवावर न येता मंत्रशक्तीवर येतो. म्हणजे जीव थोडा उरला आहे पण शक्ती शिल्लक आहे, तेव्हा थवा होणं हे शहाणपण. त्यासाठी शक्ती आधी राखून ठेवावी लागते. पुन्हा आधीचीच गोष्ट! एरवी मात्र गोष्ट सांगते की रूप बदलणं हा मॉरिगनचा स्वभाव, आणि नियम सुचवतात की तो विसरलेला बरा. हा त्या कृतीतला दोष आहे असं आम्ही म्हणू.

कोणी म्हणेल, सर, गेम खेळण्यासाठी असतो. ताबाच काढून घेतला तर खेळायचं काय? हा आक्षेप वजनदार आहे, आणि नुसती बटणं दाबण्यात ज्याला रस आहे त्याला व्हिन्सेंट कंटाळवाणा वाटणारच. पण ताबा म्हणजे केवळ त्या क्षणाचा ताबा नव्हे. लॅरियनच्या २०२३च्या ‘बाल्डर्स गेट थ्री’त हाल्सिन अस्वल झाला की त्यालाही नवे मंत्र टाकता येत नाहीत. पण लक्ष एकाग्र करून आधी टाकलेला मंत्र रूप बदलल्यावरही चालू राहतो. माणसाने पेरलेलं श्वापदाच्या काळात उगवतं. सोयीच्या दृष्टीने तिघांत ही रचना सर्वांत चांगली. तरी आमचं माप व्हिन्सेंटकडेच झुकतं, कारण हाल्सिनच्या बाबतीत तयारी चुकली तर डाव थोडा बिघडतो, व्हिन्सेंटच्या बाबतीत ती चुकली तर आपलाच माणूस शत्रूला बरं करत असताना बघावं लागतं.

तेव्हा ज्यांना हे गेम खेळायचे आहेत त्यांना एक सुचवणं. पट्टी भरली की लगेच बटण दाबू नका. एक पाळी थांबा, समोर कोण आहे ते बघा, उपचार कोणाकडे आहेत ते बघा, मग ठरवा.