पुढे झुकलेलं चाक

गाडीचं तोंड चौकटीत आलेलंच नाही. फोटोच्या उजव्या कडेपलीकडे ते निघून गेलं आहे. मागे राहिलं आहे ते मोठं मागचं चाक, गाडीच्या अंगावर रंगवलेला ठळक ६ आकडा आणि उघड्या आसनांवर वाऱ्याला तोंड देत बसलेली दोन माणसं. एक चालक, दुसरा मेकॅनिक. त्या काळच्या शर्यतींत दोघं जण बसायचे. खाली रस्ता आडव्या रेघांत विरघळला आहे. चाक लंबगोल झालं आहे आणि गाडी धावते आहे त्या दिशेला, उजवीकडे, झुकलं आहे. आता डावीकडे पाहा. रस्त्याच्या कडेला उभे असलेले प्रेक्षक आणि त्यांच्या मागचे खांब बरोबर उलट्या दिशेला कलले आहेत. अर्धा फोटो उजवीकडे झेपावतो आहे, अर्धा डावीकडे कोसळतो आहे, आणि मधल्या मोकळ्या जागेत चित्र फाटेल की काय असं वाटतं.

फ्रान्समधल्या ग्रां प्री मोटार शर्यतीचा हा फोटो झाक आंरी लार्तीग या हौशी तरुणाने पहिल्या महायुद्धाच्या जरा आधी घेतला. वेगाचं याहून चांगलं चित्र मी पाहिलेलं नाही. आज फिल्मचा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्या कुणी मला विचारलं, की या छंदात नेमका आनंद कसला, तर मी हा फोटो समोर ठेवीन. खरं तर तो फिल्मवरचा नाही. ९ बाय १२ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटवरचा आहे. पण प्लेट काय नि रीळ काय, प्रकाशाने बदलणारे चांदीचे क्षार तेच, आणि एकदा पडलेला प्रकाश परत न घेण्याचा धर्मही तोच.

चाक असं का झुकलं, हे समजून घेतलं की फोटोची गोडी कमी होत नाही, वाढते. त्या कॅमेऱ्यात प्लेटच्या अगदी पुढ्यात कापडी पडदा असायचा आणि त्या पडद्यात आडवी फट. चाप दाबला की ही फट प्लेटवरून वरून खाली सरकायची. म्हणजे सगळी प्लेट एका वेळी उजळत नसे, पट्ट्यापट्ट्यांनी उजळायची. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे सगळ्यात आधी टिपली जाते जमीन आणि सगळ्यात शेवटी आकाश. फट चाकाच्या तळापासून माथ्यापर्यंत पोचेस्तोवर गाडी पुढे सरकलेली असते. म्हणून चाकाचा तळ मागे राहतो, माथा पुढे जातो. आपण जे चाक पाहतो ते कुठल्याही एका क्षणाचं नाही. खालचा भाग आधीचा, वरचा नंतरचा. एका चित्रात काळ खालून वर चढत गेला आहे.

हे झालं चाकाचं. पण प्रेक्षक तर हलत नव्हते. ते जागच्या जागी उभे होते, खांब तर पुरलेलेच होते. मग ते मागे का कलले? कारण हलत होता तो लार्तीग. भरधाव येणाऱ्या गाडीबरोबर त्याने कॅमेऱ्यासकट स्वतःला फिरवलं. फिरला, पण गाडीच्या वेगाने नाही, थोडा हळू. गाडी त्याच्याही पुढे निसटली, म्हणून तिचं तोंड चौकटीबाहेर गेलं आणि चाक पुढे झुकलं. जे स्थिर होतं ते त्याच्या फिरण्यामुळे चौकटीत मागे मागे जात राहिलं, म्हणून माणसं आणि खांब मागे कलले. फोटोत तीन वेग आहेत: गाडीचा, पडद्यातल्या फटीचा आणि एका मुलाच्या कमरेतल्या गिरकीचा.

मला या फोटोत सर्वांत जास्त आवडतं ते हेच. उजव्या बाजूला यंत्राची धाव आहे आणि डाव्या बाजूला ती पाहणाऱ्याची धडपड. डावीकडचे ते कललेले प्रेक्षक म्हणजे लार्तीगच्या स्वतःच्या अंगाची हालचाल. तो फोटोत कुठे दिसत नाही, पण त्याच्या शरीराने घेतलेलं वळण प्लेटवर उमटून राहिलं आहे. आणि त्याचा वेग गाडीच्या वेगाला पुरा पडला नाही, हीच या चित्राची ताकद आहे. समजा, तो गाडीच्या अचूक वेगाने फिरला असता, तर चाक गोल राहिलं असतं, गाडी पूर्ण आली असती आणि एक नीटनेटका फोटो मिळाला असता. पाहणारा कमी पडला तेव्हाच वेग दिसला. व्यंगचित्रकार नि मुलांसाठी चित्रं काढणारेही धावती गाडी काढताना ती पुढे झुकवून, चाकं लांबट करून काढतात. आपल्या मुलांच्या वह्यांतही ती तशीच पळते. नुसत्या डोळ्यांनी झुकलेलं चाक कुणीच पाहिलेलं नाही. ते फक्त अशा पडद्यांच्या कॅमेऱ्यांनी पाहिलं.

लार्तीगचा जन्म १८९४चा, पॅरिसजवळच्या कूर्बव्हाचा. घर श्रीमंत, वडिलांना फोटोग्राफीचा शौक. सात-आठ वर्षांचा असताना त्याला पहिला कॅमेरा मिळाला. त्याआधीच त्याने एक खेळ शोधला होता. आवडलेलं दृश्य डोळ्यांत पकडून ठेवण्यासाठी डोळे मिटायचे, उघडायचे, स्वतःभोवती गिरकी घ्यायची. त्याला तो डोळ्याचा सापळा म्हणत असे. सापळ्यात काही सापडलं नाही, अशी निराशाही त्याने नोंदवली आहे. शर्यतीच्या त्या फोटोत तीच गिरकी आहे, फक्त यावेळी हातात प्लेट होती. घरातली भावंडं, त्यांनी बनवलेली घसरगाड्यांसारखी वाहनं, विमानं उडवण्याचे प्रयोग, जिन्यावरून उडी घेताना हवेत तरंगणारी चुलतबहीण: त्याच्या सगळ्या चांगल्या फोटोंत कुणी ना कुणी जमीन सोडलेली असते. पोटापाण्याला आणि मानाला तो चित्रकार. फोटो हा छंद. त्याने तो आयुष्यभर छंद म्हणूनच केला, आणि सव्वाशेहून जास्त मोठे अल्बम स्वतःच्या हातांनी चिकटवून ठेवले.

एक सवय मात्र मला फार मोलाची वाटते. तो रोजनिशी लिहायचा, आणि त्यात त्या दिवशी घेतलेल्या फोटोंची छोटी छोटी रेखाटनं काढायचा. प्लेट अजून धुतलेली नाही, काय उमटलं आहे ते माहीत नाही, पण आपण काय पाहिलं ते त्याला ठाऊक आहे. ते तो पेन्सिलीने लिहून ठेवतो. पाहणं आणि मिळणं यांच्यामध्ये त्याने रोज एक जागा मोकळी ठेवली होती. फिल्म वापरणाऱ्या माणसाला ही जागा आपोआप मिळते, आणि माझ्या मते या छंदाचं खरं सुख त्या जागेत आहे.

डिजिटल कॅमेऱ्याने ती जागा बुजवली. ही तक्रार नाही. कामासाठी, मुलाच्या वाढदिवसासाठी मीही फोनच उचलतो. गंमत म्हणजे लार्तीगच्या चाकाचं झुकणं फोनमध्ये जिवंत आहे. फोनचा सेन्सरही सगळं चित्र एका दमात वाचत नाही. ओळीमागून ओळ वाचतो. लोकलच्या खिडकीतून रुळांशेजारचे खांब टिपा, ते तिरपे येतात. पंख्याची पाती वाकडी होतात. कारण तेच, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या कापडी पडद्यातल्या फटीचं. पण आजचं यंत्र या झुकण्याला दोष मानतं. फोनमधलं सॉफ्टवेअर जमेल तितके खांब सरळ करतं, आणि २०२३मध्ये सोनीने तर सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणारा फुल फ्रेम कॅमेरा आणला. खेळांचे फोटो काढणाऱ्याला तो वरदान आहे. त्यातून ग्रां प्रीची गाडी गेली तर चाक अगदी गोल येईल.

यंत्राने सरळ केलं नाही तरी आपला अंगठा करतो. गाडीचं तोंड कापलं गेलेला, माणसं तिरपी झालेली असा फोटो पडद्यावर दिसला तर किती जण ठेवतील? तिथल्या तिथे पुसला जाईल, कारण त्या घटकेला आपल्याला हवी होती गाडी, आणि गाडी तर आलीच नाही. लार्तीगलाही हा फोटो फसलेला वाटला होता. अनेक दशकं त्याने त्याला बाजूला ठेवलं. पण बाजूला ठेवलं, म्हणजे राहू दिलं. काचेची प्लेट पुसता येत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला गाडी हवी होती. साठीच्या माणसाला वेग दिसला. फोटो तोच होता, पाहणारा बदलायला मधे चाळीसेक वर्षं जावी लागली. फिल्म फसलेल्या फोटोला अशी मुदत देते. ज्या डोळ्याने चाप दाबला त्याच डोळ्याच्या हाती निकाल सोपवत नाही.

या मुदतीची सुरुवात साध्या गोष्टींपासून होते. रोलमध्ये ३६ जागा असतात, जुन्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये तर १२च असायच्या. छत्तिसांतल्या २० भरल्या आणि १६ उरल्या की रोल आठवडाआठवडा कॅमेऱ्यात पडून राहतो. कुणाच्या साखरपुड्याचे पहिले आणि आषाढातल्या घाटाचे शेवटचे फोटो एकाच पट्टीवर शेजारी येतात. मग काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, रीळ टाकीतल्या चक्रीवर चढवायचं. बोटांना पट्टीच्या कडा कळायला लागतात. इलफर्डची एचपी ५ प्लस फिल्म डी-७६ या डेव्हलपरमध्ये धुवायची तर २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात, आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणीच तिशीच्या आसपास येतं; बर्फाचे खडे टाकून, थर्मामीटर बुडवून वाट पाहावी लागते. पाणी गरम राहिलं तर वेळ कमी करायचा, नाहीतर निगेटिव्ह काळीकुट्ट होते. स्टॉप बाथ, हायपो, धुणं. ओली पट्टी बाथरूममधल्या दोरीला चिमट्याने टांगली की पहिल्यांदा कळतं आपल्याला काय मिळालं, आणि तेही उलटं: काळं ते पांढरं.

कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या चौकटींचा एका कागदावरचा छाप, हाती आली की लोक चांगला फोटो शोधतात. मी सुचवीन, की ज्यावर डोळा ठरत नाही त्यावर थांबा. जिथे हात हलला, जिथे कुणी मधेच आलं, जिथे माणूस चौकटीतून अर्धा निघून गेला, तिथे बऱ्याचदा फोटो काढणाऱ्याचं अंग दिसतं, लार्तीगच्या प्रेक्षकांत त्याचं दिसतं तसं. निगेटिव्हची पट्टी कापून, पारदर्शक पाकिटांत भरून ठेवायची. पाच-दहा वर्षांनी बाहेर काढली की तीच चौकट वेगळी बोलू शकते. याची हमी नाही. हजारातल्या बहुतेक चुका चुकाच राहतात. पण ज्या राहत नाहीत त्यांना राहायला जागा तर हवी. आपल्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांत लार्तीगसारखं झुकलेलं चाक सहसा मिळायचं नाही, हेही सांगून ठेवतो. पेंटॅक्स के १०००सारख्या कॅमेऱ्यातला कापडी पडदा आडवा पळतो, त्यामुळे वस्तू झुकत नाही, झालीच तर किंचित लांबते किंवा आखूड होते, आणि पडदाही पुष्कळ वेगवान असतो. प्रत्येक यंत्राला त्याची त्याची चूक असते, ती उसनी घेता येत नाही.

लार्तीगच्या अल्बममधली चित्रं जगापुढे आली ती १९६३मध्ये. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन शारकॉव्स्की यांनी त्याचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या ज्या अंकात केनेडींच्या हत्येची बातमी होती त्याच अंकात त्याचे फोटो छापून आले, आणि तो अंक अमेरिकेत घराघरांत गेला. १९७९मध्ये त्याने आपला सगळा संग्रह फ्रेंच सरकारला दिला. १९८६मध्ये नीस शहरात तो वारला. झुकलेल्या चाकाचा फोटो तोवर विसाव्या शतकातल्या नावाजलेल्या फोटोंपैकी एक झाला होता.

त्या फोटोखाली वर्षानुवर्षं छापलं जायचं: दलाज गाडी, दिएपची शर्यत, २६ जून १९१२. ही ओळख खुद्द लार्तीगकडूनच आली होती. नंतर अभ्यासकांनी शर्यतींच्या नोंदी चाळल्या, गाडीच्या अंगावरचा ६ आकडा आणि गाडीचा घाट ताडून पाहिला, आणि निघालं ते वेगळंच. गाडी श्नायडर, चालक क्रोके, शर्यत १२ जुलै १९१३ची, आमियाँची. म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या आठवणीत एक वर्ष, एक गाव आणि एक गाडी बदलून गेली होती, आणि प्लेटवर आकडा तसाच होता. फोनच्या फोटोत तारीख, वेळ, ठिकाण सगळं आपोआप लिहिलेलं असतं. तिथे ताडून पाहण्यासारखं काही उरत नाही. निगेटिव्हच्या कडेला फक्त फिल्मचं नाव आणि चौकटीचा क्रमांक असतो. बाकी सगळं फोटोतून वाचून काढावं लागतं: दुकानाच्या पाटीवरून, सावलीच्या लांबीवरून, एखाद्या आकड्यावरून. माझ्या पाकिटांवर मी पेन्सिलीने तारीख आणि गाव लिहितो, आणि लार्तीगचं हे वाचल्यापासून शेजारी त्या दिवशी काय पाहिलं त्याचं एक लहानसं रेखाटनही काढतो.