माझा बाप मोठा की तुझा?

खुनाचा खटला आहे. साक्षीदार बोलायला उभा राहतो, पण त्याच्या आधी न्यायाधीशच त्याला दम भरतात. ऐकीव सांगू नकोस, अंदाजाने बोलू नकोस. पैशाच्या दाव्यात चूक झाली तर पैसे भरून सुटता येतं. इथे चुकलास, तर त्या माणसाचं रक्त आणि त्याला पुढे झाली असती ती सगळी संतती तुझ्या माथी. एवढं झाल्यावर कोर्टातच पहिल्या माणसाची, आदामची गोष्ट सुरू होते.

हा प्रसंग मिश्नातला आहे. मिश्ना म्हणजे ज्यू रब्बींच्या कायद्याचा सुमारे इसवी सन 200मध्ये सिद्ध झालेला संग्रह. त्यातल्या 'सन्हेद्रिन' नावाच्या भागात चौथ्या अध्यायाच्या शेवटी हा मजकूर येतो. एक जीव वाचवणं म्हणजे अख्खं जग वाचवणं, हा विचार तुम्ही 'शिंडलर्स लिस्ट'मधल्या अंगठीवर पाहिला असेल. तो मूळचा इथला. पण अंगठीवर तो सुविचार होतो. मिश्नात तो खोट्या साक्षीला घातलेला लगाम आहे, आणि म्हणूनच मला तो जास्त खरा वाटतो.

रब्बींचा प्रश्न साधा आहे. देवाने सुरुवातीला एकच माणूस का घडवला? ते एक नाही, बरीच उत्तरं देतात. एका माणसाचा नाश हा जगाचा नाश आहे हे कळावं म्हणून. माणसांत शांतता राहावी, माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि आकाशात अनेक सत्ता आहेत असं पाखंड्यांना म्हणता येऊ नये म्हणून. आदाम अनेक असते, तर प्रत्येकाचा निर्माता वेगळा, असा दावा करायला वाव राहिला असता.

इथे आपल्याकडचा वाचक थबकतो. घरात पाच देव आणि गावात पन्नास असलेल्या माणसाने समतेसाठी आधी एकच देव मानायचा का? मला तसं वाटत नाही. आपल्या पुरुषसूक्तातही पुरुष एकच आहे. पण त्याच्या मुखातून एक वर्ण आला, पायांतून दुसरा. उगम एक आणि तरी उतरंड तयार. म्हणजे नुसत्या एका उगमाने काही सिद्ध होत नाही. त्यातून निष्कर्ष कोणता काढता, हे महत्त्वाचं. रब्बींचं मोठेपण हे, की एकाच यादीत त्यांनी देवाचं एकत्व आणि बापांची बरोबरी शेजारी शेजारी ठेवली. एक घेऊन दुसरं टाकायची सोय ठेवली नाही.

पुढची उपमा नाण्यांची. टांकसाळीत एका ठशाने शंभर नाणी पाडली तर शंभरही सारखी निघतात. देवाने सगळी माणसं आदामच्या ठशाने पाडली आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर क्लास एक आणि प्रत्येक ऑब्जेक्ट वेगळा. म्हणून प्रत्येकाने म्हणायला हवं की हे जग माझ्यासाठी निर्माण झालं. हे वाचून डोक्यात हवा जाऊ शकते, हे रब्बींना ठाऊक असावं. मिश्नाला पूरक असलेल्या तोसेफ्तात ते म्हणतात, माणूस सगळ्यांत शेवटी घडवला, म्हणजे तो माजला तर त्याला सांगता येईल की चिलटसुद्धा तुझ्या आधीचं आहे. आंबोलीत पावसाळ्यात पायाला जळू चिकटली की हा मुद्दा लगेच पटतो.

आता या मजकुरातली सर्वांत नाजूक जागा. मिश्नाच्या अनेक छापील प्रतींत 'जीव' या शब्दापुढे आणखी एक हिब्रू शब्द आहे. त्याचा अर्थ 'इस्राएलमधला'. म्हणजे वाचवायचा जीव ज्यूचा. बुडापेस्टमध्ये असलेल्या कॉफमन हस्तलिखितात, जे मिश्नाच्या अत्यंत विश्वसनीय प्रतींपैकी एक मानलं जातं, हा शब्द नाही. अभ्यासक एफ्राइम उर्बाख यांनी प्रती ताडून हा शब्द नंतर घुसल्याचं दाखवलं. दोन आवृत्त्यांचा डिफ काढा, फरक एका शब्दाचा. पण त्या शब्दाने अख्ख्या युक्तिवादाचा पाया काढून घेतला, कारण आदाम ज्यू नव्हता. तो सगळ्यांचा बाप होता.

तो शब्द माणसांच्या वागण्यातही घुसतो. याचं उदाहरण मराठीच बोलतं. कोकणातले बेने इस्राएल आपली कथा सांगतात ती अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून समाज वाढला. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ते 'शनवार तेली'. गावावरून राजपूरकर, दिवेकर, पेणकर अशी आडनावं. पण मूठभर पूर्वजांची कथा सांगणाऱ्या याच समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे भेद पडले आणि त्यांच्यात सोयरीक होईना. माझा बाप मोठा, तो असा.

मग हाच प्रश्न त्यांच्यावर उलटला. इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांबाबत तिथल्या मुख्य रब्बीसंस्थेने 1962मध्ये सूचना काढली. लग्न लावण्याआधी आई, आजी, पणजी अशा मागच्या पिढ्यांची चौकशी करा. रब्बींच्या बाजूने शंका कायद्याची होती. कोकणात शतकानुशतकं घटस्फोट आणि विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले का? ती शंका खोटी होती असं मी म्हणत नाही. पण ज्या परंपरेने बापाचा मोठेपणा कोर्टात निकालात काढला, तिच्याच वारसांनी आजीची कागदपत्रं मागावीत, हा विरोधाभास झाकता येत नाही.

1964मध्ये जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या काळात क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत. त्यानंतर रब्बीसंस्थेने सूचनेतून समाजाचं नाव काढलं. मिश्नातला उतारा त्याआधीही सगळ्यांना पाठ होताच. तो खरा ठरायला रस्त्यावर बसलेली माणसं लागली.

म्हणून हा उतारा मला थोर वाटतो आणि अपुराही. थोर, कारण शांततेसाठी एकच पूर्वज कल्पणारी इतकी सरळ मांडणी क्वचितच सापडते. अपुरा, कारण त्यात बाप आहे, आई नाही, आणि घुसलेला शब्द स्वतःहून बाहेर काढायची सोय नाही. तो शब्द दरवेळी वाचणाऱ्यालाच खोडावा लागतो. ज्यूंचा मजकूर वाचताना लागतो, आणि आपला वाचताना तर नक्कीच.