ही गोळी नक्की कशाची?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. दहावीनंतर तिने आयटीआयचा अभ्यासक्रम पुरा केला आणि आता चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती काम करते. तीन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. नववीत असल्यापासून तिच्या चेहऱ्यावर तारुण्यपीटिका आहेत. खोलीतल्या एका मैत्रिणीला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी गुण आला, म्हणून तिचे रिकामे पाकीट दाखवून हिनेही औषधाच्या दुकानातून तीच गोळी आणली. तीन महिने घेतली. दिवाळीला पिंपरीत घरी आल्यावर पाकीट आईच्या हाती लागले. आईने ते शेजारच्या नर्सबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, ही तर पाळणा लांबवण्याची गोळी. झाले! दोन दिवस घरात अबोला.

“बाई, ही गोळी नक्की कशाची? चेहऱ्याची, की मूल होऊ नये म्हणून घ्यायची?” एवढेच तिला विचारायचे होते.

या मुलीने माझ्याच वर्गात अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता पाठ केला होता आणि त्यावरच्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवले होते. ते सारे शिकूनही हा प्रश्न तिला पडावा, ही गोष्ट मला लागली. म्हणून या लेखात थोडे परीक्षण करायचे आहे. गोळीचे गुणदोष त्यात येतीलच. पण परीक्षण आहे ते गोळीबद्दल बोलल्या जाणाऱ्या भाषेचे. पाकिटावरची, जाहिरातीतली आणि आपल्या वर्गातली, अशा तिन्ही ठिकाणची.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. त्वचेखालच्या तैलग्रंथी अँड्रोजेन गटातल्या संप्रेरकांच्या हुकमावर चालतात. यांना आपण ‘पुरुषी’ संप्रेरके म्हणतो. पण ती स्त्रियांच्या शरीरातही अंडाशयात आणि अधिवृक्क ग्रंथीत थोड्या प्रमाणात तयार होतातच. वयात येताना त्यांचे प्रमाण वाढते, तैलग्रंथी जास्त स्निग्ध द्रव सोडू लागतात, केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते, आत अडकलेल्या द्रवावर त्वचेवरचे जिवाणू पोसले जातात आणि लाल, दुखरी पुटकुळी उठते.

नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत दोन संप्रेरके असतात : एक इस्ट्रोजेन आणि दुसरे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम संप्रेरक. शासनाच्या कुटुंबकल्याण कार्यक्रमातली ‘माला-डी’ घ्या. तिच्या प्रत्येक गोळीत ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते; अशा २१ गोळ्या आणि सोबत लोहाच्या ७. ही संप्रेरके पीयूषिका ग्रंथीला गप्प करतात, त्यामुळे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडत नाही. पण पीयूषिका गप्प झाली की अंडाशयात अँड्रोजेन बनणेही कमी होते. शिवाय इस्ट्रोजेनमुळे यकृत एक विशिष्ट प्रथिन जास्त बनवते. ते रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी उरते. तैलग्रंथींना मिळणारा हुकूम मंदावतो. सायप्रोटेरॉन किंवा ड्रॉस्पायरेनोन असलेल्या गोळ्यांत तर ते दुसरे संप्रेरकच अँड्रोजेनची वाट अडवते.

म्हणजे चेहरा निवळणे हा काही चमत्कार नव्हे. गर्भ न राहण्याशी त्याचे मूळ एकच आहे. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ३१ चाचण्या आणि बारा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली होती. ज्या गोळ्यांची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली गेली, त्या सर्व तारुण्यपीटिका कमी करण्यात सरस ठरल्या. मात्र गुण यायला तीन ते सहा महिने लागतात आणि गोळी थांबवल्यावर त्रास परत येऊ शकतो. मुलग्यांना अर्थातच हा उपाय नाही.

तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्हीची’ असे आहे. मग पाकिटावर एकच काम का लिहिलेले असते? कारण त्यावर छापलेला उपयोग हा माणसांनी ठरवलेला असतो. गोळीला वाचता येत नाही. ती पोटात गेली की जिथे जिथे तिचे ऐकणाऱ्या पेशी आहेत, तिथे तिथे ती बोलते.

याचा इतिहास गोळीइतकाच जुना आहे. अमेरिकेत १९५७ साली ‘एनोव्हिड’ ही गोळी मंजूर झाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून तिला मान्यता मिळाली १९६० साली. मधल्या तीन वर्षांत पाळीची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्या स्त्रिया अचानक वाढल्या! गोळी तीच होती; कागदावरचे कारण तेवढे सोयीचे होते.

फ्रान्समध्ये याच्या उलट घडले. सायप्रोटेरॉन असलेली ‘डायान-३५’ ही गोळी तिथे १९८७ साली तारुण्यपीटिकांवरचे औषध म्हणून मंजूर झाली. प्रत्यक्षात असंख्य स्त्रिया ती गर्भनिरोधक म्हणून घेत राहिल्या. जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांनी शिरांमधल्या रक्तगुठळीने झालेले चार मृत्यू या गोळीशी जोडले आणि विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. मग युरोपीय औषध संस्थेने सगळा पुरावा पुन्हा तपासला. तिचा निष्कर्ष असा की, लावायच्या औषधांनी किंवा प्रतिजैविकांनी गुण न आलेल्या मध्यम ते तीव्र तारुण्यपीटिकांसाठी, प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांत, या गोळीचे फायदे धोक्यापेक्षा जास्त आहेत. मात्र तिच्या जोडीला दुसरी गर्भनिरोधक गोळी घेऊ नये. त्यानंतर फ्रान्समध्ये ती पुन्हा विक्रीला आली. बंदी घालणारे आणि ती उठवणारे, दोघांसमोर गोळी एकच होती. वाद होता तो कोणी, कशासाठी आणि काय माहीत असताना ती घ्यावी याचा.

तिसरे उदाहरण जाहिरातीचे आहे आणि शिक्षकांनी ते जरूर अभ्यासावे असे मला वाटते. बायर कंपनीची ‘याझ’ ही ड्रॉस्पायरेनोन असलेली गर्भनिरोधक गोळी. २००७ साली अमेरिकेत तिला मध्यम तीव्रतेच्या तारुण्यपीटिकांसाठीही मान्यता मिळाली, पण एका अटीवर : त्या स्त्रीला गर्भनिरोधनासाठी गोळी हवीच असली पाहिजे. दूरचित्रवाणीवरच्या तिच्या एका जाहिरातीत रंगीत फुगे होते. फुग्यांवर स्त्रियांच्या तक्रारींची नावे लिहिलेली, चिडचिड, थकवा, डोकेदुखी, तारुण्यपीटिका वगैरे. आणि गाण्याच्या तालावर हे फुगे आकाशात उडून जातात.

जाहिरात म्हणून ती देखणी होती, हे मान्य करायला हवे. तिचा दोष तिच्या देखणेपणातच होता. ज्या तक्रारींसाठी गोळीला मान्यता होती आणि ज्यांसाठी नव्हती, ते सगळे फुगे एकाच आकाराचे होते. सौम्य आणि तीव्र यांतला फरक दाखवणारा फुगा बनवता येत नाही. ‘गर्भनिरोधन हवे असेल तरच’ ही अट तर फुग्यावर मावणारच नाही. आणि रक्तगुठळीच्या धोक्याची सूचना बोलली जात असताना डोळ्यांपुढे भराभर बदलणारी दृश्ये आणि कानांवर गाणे. ऐकणारा ऐकतो, पण त्याच्या लक्षात राहतात ते फुगेच. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने कंपनीला याच मुद्द्यांवर ताकीद दिली. २००९ साली २७ राज्यांशी झालेल्या समझोत्यानुसार कंपनीला किमान दोन कोटी डॉलर खर्चून दुरुस्तीच्या जाहिराती द्याव्या लागल्या. चूक कबूल करणारी जाहिरात ही दुर्मीळ गोष्ट. पण फुगे एकदा उडाले की परत आणता येत नाहीत.

आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांची अशी जाहिरात दूरचित्रवाणीवर होत नाही. पण म्हणून आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. माझ्या विद्यार्थिनीपर्यंत पोचलेली जाहिरात मैत्रिणीच्या नितळ गालांची होती. तिच्यात तर सूचना घाईघाईने म्हणण्याचीही सोय नव्हती. डॉक्टरांनी मैत्रिणीला काय काय विचारून गोळी दिली, हे रिकाम्या पाकिटावर लिहिलेले नसते.

आमच्या भागाची आणखी एक सवय इथे आडवी येते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला औषधांचा कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. इथल्या जुन्या पिढीच्या मनात औषध म्हणजे जंतू मारणारी वस्तू हे चित्र पक्के आहे. जंतुसंसर्ग असेल तर एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्यालाही पडेल, असे वाटणे समजू शकते. संप्रेरकांचे तसे नाही. ती शरीराची स्वतःचीच निरोपे असतात. एकीला गेलेला निरोप दुसरीच्या शरीरात निराळा अर्थ घेऊ शकतो.

आणि पुटकुळी दिसली म्हणजे कारण एकच, असेही नाही. भोसरी किंवा चाकणच्या यंत्रशाळेत लेथवर काम करणाऱ्यांच्या हातांवर, मांड्यांवर कापणीच्या तेलाने छिद्रे बुजून पुटकुळ्या येतात. त्यावर संप्रेरकांचा उपयोग नाही. तेलाने भिजलेले कपडे रोज बदलणे, यंत्राला तेल अडवणारे झाकण बसवणे आणि काम संपताच साबणाने धुणे, हाच त्यावरचा उपाय.

आता धोक्याचे नेमके माप पाहू. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांत वर्षभरात सुमारे दोघींना शिरेत रक्तगुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत हा आकडा पाच ते सात, तर ड्रॉस्पायरेनोनच्या गोळीने नऊ ते बारा होतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत तो याहूनही मोठा असतो. तेव्हा ‘गोळी म्हणजे विष’ हे खोटे आणि ‘गोळी म्हणजे फेस क्रीम’ हेही खोटे. बहुतेक निरोगी तरुणींना धोका अगदी थोडा. पण काहींना तो थोडा नसतो. पूर्वी रक्तगुठळी झालेली, उच्च रक्तदाब असलेली, पस्तिशीनंतर धूम्रपान करणारी आणि विशिष्ट प्रकारची अर्धशिशी असलेली स्त्री यांना इस्ट्रोजेनची गोळी देत नाहीत.

हे माहीत होते म्हणून मी त्या मुलीला विचारले, “तुझे डोके दुखते का गं? दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही दिसते?”

ती म्हणाली, “हो बाई. आधी नागमोडी वीज चमकल्यासारखे दिसते, अर्धा तास. मग अर्धे डोके ठणकते. ते तर बारावीपासून आहे. पण त्याचा गोळीशी काय संबंध?”

संबंध होता. अशा अर्धशिशीत मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा येऊन पक्षाघात होण्याचा धोका थोडा वाढलेला असतो आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालते. तीन महिन्यांत हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता. मैत्रिणीने चेहरा पाहिला, दुकानदाराने पैसे मोजले, आईने चारित्र्याची काळजी केली. लाजेने आणि घाईने मिळून एक साधा प्रश्न गिळून टाकला होता. आईच्या अबोल्याचाही यात वाटा आहे. ज्या घरात पाकीट लपवावे लागते, तिथे डोकेदुखीचे बोलणेही त्याच्याबरोबर लपून जाते.

आणि वर्गाचा वाटा? अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता आपण एका दिवशी शिकवतो, मासिक पाळी दुसऱ्या दिवशी, कुटुंबनियोजन घाईत तिसऱ्या दिवशी, आणि त्वचेवर तर क्वचितच बोलतो. ‘गर्भनिरोधक गोळ्या’ हे चार-पाच साधनांच्या यादीतले एक नाव म्हणून फळ्यावर येते आणि पुसले जाते. ती संप्रेरकांची गोळी आहे, ज्या तक्त्यातली नावे काल पाठ केली तीच तिच्यात आहेत, हे आपण सांगत नाही. मग मुलांना तिचे एकच काम माहीत होते, आणि ते काम लाजेचे ठरते.

तास वाढवण्याची गरज नाही. कोणत्याही औषधाबद्दल तीन प्रश्न विचारायची सवय लावली तरी पुष्कळ आहे : यात नेमके काय आणि किती आहे? ते शरीरात कुठे कुठे पोचते? आणि हे कोणी घेऊ नये? माला-डीच्या पाकिटावरची घटकांची ओळ फळ्यावर लिहून हे तिन्ही प्रश्न दहावीच्या वर्गात सहज चर्चेला घेता येतात. मुली खाली मान घालतात, मुले हसतात. पण तिसऱ्या प्रश्नापर्यंत सगळे ऐकू लागतात, असा या वर्षीचा माझा अनुभव आहे.

त्या मुलीला मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितले. त्यांनी गोळी बंद करून चेहऱ्याला लावायचे औषध दिले आणि डोकेदुखीसाठी वेगळे तपासले. जाताना ती आईला बरोबर घेऊन गेली होती. दवाखान्यात आईनेच आधी विचारले म्हणे, “डॉक्टर, ही गोळी नक्की कशाची?”